आधी पैसे, मग आमसूल

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लहान धंद्याला पैशाची नड वर्षभर सारखी नसते. आंबा बागायतदाराला ती पावसाळा सरला की जाणवू लागते : मोहोराच्या फवारण्या, राखणीच्या नेपाळी गड्यांचा पगार, खोकी, गवत, गाडीभाडं. मिरकरवाडा बंदरातल्या नौकामालकाला ती पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर ऑगस्टच्या तोंडावर येते : डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांची उचल. कोकमवाल्याला एप्रिल-मेमध्ये रोजच्या रोज रोख मोजावी लागते, कारण डोक्यावर रतांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, पाटी घेऊन दारात आलेली बाई उधारीवर फळ देत नाही.

या नडीला आजवर ठरलेली दारं होती. घरातलं सोनं, बँक किंवा पतसंस्था, नाहीतर वाशीच्या फळबाजारातल्या दलालाची, मासळी व्यापाऱ्याची उचल. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर घालायचा आणि तो सांगेल तो भाव मुकाट्याने घ्यायचा. गेल्या पंधरा वर्षांत आणखी एक दार उघडलं आहे. अनेकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करायचे, म्हणजे क्राउडफंडिंग. मिलाप २०१० साली सुरू झालं, केट्टो २०१२ साली. कुणाच्या ऑपरेशनसाठी आवाहन आलं की रत्नागिरीचा माणूसही मोबाइलवरून पाचशे रुपये पाठवतो. स्वतःच्या धंद्यासाठी असं आवाहन करायला मात्र तो तयार होत नाही. का होत नाही आणि त्याने व्हावं का, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू समोरासमोर याव्यात म्हणून हा संवाद मांडला आहे. भाची मिरजोळे एमआयडीसीत आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आमसुलांचा लहान कारखाना चालवते. मामा पतसंस्थेतून निवृत्त झालेले व्यवस्थापक. इथे ‘नको’ म्हणणारी तरुण आहे आणि ‘कर’ म्हणणारा म्हातारा.

मामा : आमसुलं सुकवायच्या ड्रायरचं कुठवर आलं?

भाची : कोटेशन आलं. बसवून देण्यासकट आठ लाख. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, कमाल दहा लाखांपर्यंत. पण त्याला बँकेचं कर्ज जोडावं लागतं आणि दहा टक्के आपले आधी दाखवावे लागतात. म्हणजे ऐंशी हजार. शिवाय मेमध्ये रतांबे घ्यायला रोख लागणार ती वेगळीच. सगळं एकाच वेळी उभं राहिलंय.

मामा : मग लोकांकडून घे. जी माणसं वर्षानुवर्षं तुझं आगळ नेतात, दादरची, डोंबिवलीची, कोथरूडची, त्यांना आत्ता जानेवारीत सांग. पैसे आज द्या, जूनमध्ये माल घरपोच.

भाची : मामा, तू पतसंस्थेत खुर्चीवर बसून दुसऱ्यांना कर्ज दिलंस. मागणाऱ्याच्या बाजूला बसून बघ. मी असा मेसेज टाकला की धनजी नाक्यापासून मारुती मंदिरापर्यंत बातमी जाईल, हिचा धंदा बसला म्हणून. बाटल्यांचा पुरवठादार मला महिन्याच्या उधारीवर माल देतो. त्याच्या कानावर गेलं तर पुढची गाडी रोखीशिवाय उतरायची नाही. दीड लाख जमवायला जाऊन माझी दोन लाखांची पत जाईल.

मामा : ही भीती खरी आहे. पण तुझं लग्न झालं त्या वर्षी आपल्या ग्रामदेवतेचा जीर्णोद्धार झाला, आठवतंय? गावाच्या मुंबई मंडळाने पावतीपुस्तकं छापली, चाळीचाळीतून फिरवली. घरटी वर्गणी ठरली. तेव्हा कुणाला वाटलं नाही गावाचं दिवाळं निघालंय.

भाची : तिथे मागणारा स्वतःसाठी मागत नव्हता. देणाऱ्याला परत काही नको होतं. देवळाचा नफा कुणाच्या घरी जात नाही, माझ्या ड्रायरचा माझ्याच घरी येणार. लोकांनी का द्यावं?

मामा : संगमेश्वरला पैसा फंडाची शाळा आहे, तुझी आई तिथेच शिकली. त्याच नावाची एक मोठी गोष्ट आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग काढायची कल्पना मांडली. टिळकांनी तिला पाठबळ दिलं. त्या पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा परदेशात काचकाम शिकून आलेला जाणकार तिथे होता, आणि तिथे शिकलेली मुलं पुढे दुसऱ्या काच कारखान्यांत गेली. जे आज मोबाइलवर चाललंय ते महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी पत्र्याच्या डब्यांत केलं.

भाची : पण तो कारखाना कुणा एकाचा नव्हता. स्वदेशीची लाट होती, पैसा टाकणारा देशकार्य म्हणून टाकत होता. १९७६ च्या ‘मंथन’ चित्रपटाचंही तसंच. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, कारण श्याम बेनेगल त्यांचीच गोष्ट सांगत होते. माझ्या आगळात डोंबिवलीच्या माणसाचं काय आहे?

मामा : त्याची सोलकढी आहे. मी तुला देणगी माग म्हणत नाही. तो दरवर्षी जे विकत घेतो, तेच पाच महिने आधी विकत घे म्हण.

भाची : थांब. आधी प्रकार वेगळे करू, कारण ‘क्राउडफंडिंग’ या एका नावाखाली लोक चार गोष्टी घालतात. देणगी, कर्ज, भाग आणि आगाऊ खरेदी. देणगी मी घेणार नाही. धडधाकट बाई आहे, धंदा चालतोय. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला पन्नास हजारांच्या वर रक्कम अशी फुकट आली की ती आयकरात उत्पन्न म्हणून धरतात.

मामा : बरोबर. आणि भाग?

भाची : माझी एकमालकी पेढी आहे, भाग द्यायचे तर आधी कंपनी काढावी लागेल. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे खाजगी कंपनीला जाहीर आवाहन करून भाग विकता येत नाहीत. नावानिशी ओळखीच्या लोकांना देऊ केले तरी वर्षाला दोनशेच्या वर नाही. सेबीने २०१४ च्या जूनमध्ये क्राउडफंडिंगवर एक मसुदा चर्चेला ठेवला होता, त्याचे नियम काही झाले नाहीत. उलट २०१६ साली गुंतवणूकदारांना इशाराच दिला. अमेरिकेत २०१२ साली त्यासाठी कायदा झाला, आपल्याकडे लहान माणसाला ते दार बंदच आहे.

मामा : कर्जाचं मी सांगतो, तो माझा विषय. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये पी-टू-पी कर्जाचे, म्हणजे ऑनलाइन मंचावर लोकांनी लोकांना द्यायच्या कर्जाचे, नियम केले. नोंदणीकृत मंचावरूनच घ्यायचं. कर्जदाराला सगळे मंच मिळून दहा लाखांपर्यंत, एका माणसाकडून एका कर्जदाराला पन्नास हजारांपर्यंत, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. ते घेतलंस तर माझी हरकत नाही, व्याजदर नीट वाच एवढंच. पण मंच सोडून स्वतःच व्हॉट्सॲपवर ‘दहा हजार द्या, वर्षाने बारा हजार देते’ असं कधी लिहू नकोस. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात सरळ गुन्हा होतो. चांगल्या हेतूने केलं तरी गुन्हाच.

भाची : म्हणजे तूच मला घाबरवतोयस.

मामा : घाबरवत नाही, वाट कुठे बंद आहे ते दाखवतोय. त्याच कायद्यात मालापोटी खरोखर घेतलेली आगाऊ रक्कम ठेव धरली जात नाही. माल देता आला नाही तर वेळेत परत करायची. जीएसटीचंही तसंच, मालाच्या आगाऊ रकमेवर तेव्हाच भरावा लागत नाही, माल देताना बिल करायचं. चार प्रकारांतला हा एक तुझ्यासारखीला खुला आहे आणि सगळ्यांत सरळ आहे. वाशीचा दलाल उचल देतो ती तरी दुसरी काय आहे? फक्त तो भाव स्वतः ठरवतो. तुझी गिऱ्हाइकं देतील ती उचल तुझ्या भावाने असेल.

भाची : आता माझी खरी अडचण ऐक. रतांबे उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात, पावसाच्या अगदी तोंडावर. साल वेगळी करायची, रसात मीठ घालून त्यात बुडवायची, उन्हात पसरायची. सुकली की पुन्हा रस, पुन्हा ऊन. अशी पुटं देत देत आमसूल काळंभोर होतं. त्यात एक सर आली की बुरशी. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तौक्ते मे २०२१ च्या मध्यावर. दोन्ही ऐन हंगामात. फळ झाडाखाली कुजत पडतं आणि आपण ताडपत्री धरून उभे. बँकेचा हप्ता चुकला तर एका मॅनेजरसमोर मान खाली घालावी लागते. इथे शे-दीडशे माणसांना तोंड द्यायचं, आणि त्यातल्या एकाने जरी फसवणूक म्हणून फोटोसकट टाकलं, तर बारा वर्षांचं नाव एका संध्याकाळी जाईल.

मामा : म्हणूनच तर ड्रायर हवा ना? मग हेच लिही. जे मला आत्ता सांगितलंस ते शब्दाला शब्द.

भाची : ते लिहायचीच तर भीती आहे! माझ्या बाटलीवर, पाकिटावर लोकांना काय दिसतं? अंगण, ऊन, सुपात पसरलेली आमसुलं. ड्रायरचा फोटो टाकला की म्हणतील, आता हीही मशिनीवर गेली. बँकेला यंत्राचं कोटेशन दाखवायला मला काही वाटत नाही. गिऱ्हाइकाला दाखवायचं म्हणजे आपलं स्वयंपाकघर उघडून दाखवायचं. शेजारच्या गाळ्यातलाही बघणार, किती माल करते, कुठून फळ घेते, काय भावाने. लाज ही खरी अडचण नाही, मामा. माझ्या ओळखीचे जे जे धंदा करणारे या वाटेला जात नाहीत, त्यांना लाजेपेक्षा हे उघडं पडणं नको आहे.

मामा : हा मुद्दा मला पटला. खरंच पटला. पण मग एक विचारतो. येत्या हंगामात ड्रायर बसणारच आहे, बँकेच्या पैशाने का असेना. तेव्हा पाकिटावरचं अंगण ठेवणार आहेस का?

भाची : …नाही ठेवता यायचं.

मामा : मग सांगायचं आहेच. पैसे घेण्याआधी सांगितलंस तर विश्वासाने सांगितलं होईल, नंतर कुणी शोधून काढलं तर लपवलं होईल. लोकांना समजावून सांग, पहिली पुटं उन्हातच देणार, शेवटची सुकवणी ड्रायरमध्ये, म्हणजे बुरशी नाही आणि वाया जाणारं फळ कमी. कोकणच्या बाईला हे सांगावंही लागणार नाही, तिने आजीला पावसात आमसुलं आत-बाहेर करताना बघितलंय. शहरात वाढलेल्याला सांगावं लागेल. त्यातले काही गळतील. जे राहतील ते कायमचे.

भाची : आणि वादळ?

मामा : त्याचं उत्तर पैशात नाही, मोजमापात आहे. तुझा माल टिकतो. आमसूल वर्ष-दोन वर्षं राहतं, मीठ घातलेलं आगळही राहतं. हापूसवाल्याचं तसं नाही, त्याचा आंबा आढीत घातला की दिवस मोजायचे. त्याने आगाऊ पैसे घ्यायचे तर फार जपून, झाडावर कैरी धरल्यावर. तुझ्या कोठीत गेल्या वर्षीचं किती पडलंय?

भाची : लाखभराचं असेल.

मामा : मग आगाऊ नोंदणीची मर्यादा तिथून ठरव. हंगाम पुरता बुडाला तरी जेवढा माल किंवा जेवढे पैसे तू परत देऊ शकतेस, तेवढंच घ्यायचं. अंथरूण पाहून पाय पसरायचे.

भाची : बाराशे रुपयांची पेटी धरू. आगळ, आमसूल, सरबत. दीडशे पेट्या, एक लाख ऐंशी हजार. त्यातले नव्वद हजार रुपये रतांबे घेण्यासाठीच ठेवायचे, मेपर्यंत हात लावायचा नाही. उरलेल्या नव्वदातून बँकेला दाखवायचे ऐंशी निघतात. हंगाम गेला तर नव्वद जसेच्या तसे परत, बाकीच्यांना कोठीतला जुना माल, नको असेल तर पैसे. बसतंय गणित.

मामा : दोन गोष्टी घाल त्यात. एक, वेगळं बँक खातं, घरखर्चाला त्याची सावलीसुद्धा लागू द्यायची नाही. दोन, किमान आकडा. २००९ साली सुरू झालेल्या किकस्टार्टरने एक नियम लोकांच्या अंगवळणी पाडला. ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे घ्यायचे, नाहीतर कुणाचा रुपया हलत नाही. तूही सांग, फेब्रुवारीअखेर शंभर नोंदी झाल्या नाहीत तर सगळ्यांचे पैसे त्याच खात्यातून परत. अर्धवट पैशात यंत्र येत नाही आणि देणं मात्र डोक्यावर राहतं.

भाची : तू एवढा सावध, तरी ‘कर’ म्हणतोस. का?

मामा : कारण मी दुसरं टोक बघितलंय. नव्वदच्या दशकात सागवानाच्या योजना आल्या होत्या. आज इतके भरा, वीस वर्षांनी झाडाचे लाखो. कुणी झाड बघितलं नाही, जमीन बघितली नाही. माणसं पोळली, सेबीला १९९९ साली सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम करावे लागले. आपल्या भागातली निवृत्त माणसं अजून त्या पावत्या जपून आहेत. लोकांचा संशय फुकटचा नाही, त्याची किंमत त्यांनी मोजलीय. तो घालवायचा तर कुणीतरी लहान रकमेत, ओळखीच्या मालावर, हिशेब उघडा ठेवून हे करून दाखवायला हवं. तू बारा वर्षं माल पोचवतेस. तू नाही तर कोण?

भाची : मला एक गोष्ट मात्र खटकत राहणार. माझी गिऱ्हाइकं मुंबई-पुण्याला आहेत, मला फोटो काढता येतात, दोन ओळी लिहिता येतात. मिरकरवाड्याला सुकट, बोंबील वाळवणारी बाई आहे. तिलाही रॅक आणि जाळी हवी आहे, माझ्यापेक्षा गरज जास्त आहे. लांज्याकडे काजू फोडणारा बचत गट आहे. त्यांचं आवाहन कुणापर्यंत जाणार? ही वाट ओळखीपाळखीच्या माणसांचीच आहे. ज्याच्याकडे आधी आहे त्यालाच आणखी.

मामा : एकटीने केलंस तर तसंच होईल. म्हणून मुंबई मंडळांचं म्हणत होतो. आपल्याकडे गावागणिक मंडळ आहे. सभासदांची यादी आहे, पावतीपुस्तक आहे, वर्षाची सभा आहे, हिशेब वाचून दाखवायची रीत आहे. मंच लागतो तो दुसरा काय असतो? देऊळ झालं, सभामंडप झाला, रंगमंच झाला. आता मंडळाने गावातल्या चार उद्योगांची आगाऊ नोंदणी घ्यावी. पैसे मंडळाच्या किंवा पतसंस्थेच्या वेगळ्या खात्यात थांबवावेत, माल पोचेल तसे सोडावेत. बोंबील वाळवणाऱ्या बाईला इंग्रजीतून लिहावं लागणार नाही, तिला माल करावा लागेल.

भाची : मंडळात राजकारण असतं, मामा. कुणाच्या वहिनीचा काजू घ्यायचा यावरून भांडणं होतील.

मामा : होतील. वर्गणीवरूनही होतात. तरी देवळं उभी राहिली.

भाची : ठीक आहे. मी दीडशे पेट्या घेते, त्याच्या वर एकही नाही. ड्रायरचा फोटो पहिल्याच मेसेजमध्ये टाकते. बाटल्यावाल्याला मात्र मी आधी स्वतः जाऊन सांगणार, कुणाकडून कळायच्या आत. आणि जूनमध्ये हिशेब सगळ्यांना पाठवणार, किती फळ आलं, किती वाया गेलं, पैसे कुठे गेले. त्यानंतर मंडळाच्या सभेत यायला सांगितलंस तर येईन. रिकाम्या हाताने नाही येणार.

दोघांचं म्हणणं ऐकल्यावर माझं मत स्पष्ट आहे. रत्नागिरीचा लहान उद्योजक क्राउडफंडिंगला तयार होत नाही, याचं कारण मोबाइल येत नाही किंवा नवं नको, असं नाही. चारचौघांत उघडं पडण्याची त्याला धास्ती आहे, पुरवठादाराकडची पत जाईल याची चिंता आहे आणि पाऊस त्याच्या हातात नाही. हे तिन्ही हिशेब शहाण्या माणसाचे आहेत. त्याला धीट हो म्हणून सांगण्यापेक्षा धोका आटोक्यात राहील अशी घडी बसवून देणं हे आपलं काम आहे : टिकणारा माल, कोठीतला साठा आणि राखून ठेवलेली रक्कम यांच्याएवढीच नोंदणी, वेगळं खातं, किमान आकडा, आणि हंगाम संपताच सगळ्यांपुढे हिशेब.

सेबीने लहान उद्योगांसाठी भाग विक्रीचे नियम आज ना उद्या करायलाच हवेत. पण त्यासाठी थांबायचं कारण नाही, आगाऊ खरेदीला आजच कायद्याची आडकाठी नाही. मुंबई-पुण्यातल्या कोकणी मंडळांच्या पुढच्या सभेत वर्गणीच्या विषयाबरोबर एक विषय आणखी घ्यावा : यंदा गावातल्या कोणत्या तीन धंद्यांचा माल आपण आधी पैसे देऊन घेणार, आणि ते पैसे कोणत्या खात्यात ठेवणार. ठराव मांडायला एक सभासद पुरतो. ज्यांच्या घरी सोलकढी होते त्या प्रत्येकाला तो मांडण्याचा हक्क आहे, आणि मला वाटतं, जबाबदारीही.